वस्तादांना पोलिसाचा दाखला मागितला तेव्हा

एप्रिलमध्ये आमच्या पेठेतल्या मंडळानं पोरांसाठी मर्दानी खेळाचं शिबिर घेतलं, सकाळी साडेसहा ते साडेआठ, वीस दिवस, फी नावाला शंभर रुपये. लाठी, फरीगदका, थोडा दांडपट्टा, आणि अगदी बारक्यांसाठी नुसतं पळणं, सूर्यनमस्कार, दोरीउड्या. साठ पोरं झाली, त्यात पंचवीसभर मुली, माझी लेक पण त्यातच, पाचवीत आहे. मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे म्हणून कागदाची कामं आपोआप माझ्याकडं येतात, फॉर्म छापून आणायचे, आधारची झेरॉक्स, पालकांचा नंबर, कुणाला दमा आहे का, कुणाला फिट येते का. त्या फॉर्मच्या गठ्ठ्याबरोबर मी आणखी एक कागद केला होता आणि त्याच्यावरनं मंडळाच्या ऑफिसात रात्री साडेदहापर्यंत वाद झाला, तेच आज लिहायचंय, बरेच दिवस मनात आहे.

कागद एवढाच होता. शिबिरात पोरांना जे शिकवणार, जे त्यांची ने-आण करणार, त्या प्रत्येकाची पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी.

"वहिनी, वस्तादांना पोलिसाचा दाखला मागायचा?" अध्यक्षांचा आवाज एकदम चढला. "माझ्या वडलांना लाठी शिकवलीया त्यांनी. पेठेत कळलं तर काय तोंड दाखवू?" शेजारचे म्हणाले, आणि ते नवीन पोरगं, फिटनेसवालं, ते माझ्या मेव्हण्याच्या गावचं हाय, वळखीचं हाय, मी सांगतोय म्हटल्यावर आणि काय पायजे.

वळखीचं हाय. आपल्या कोल्हापुरात ह्या दोन शब्दांवर निम्मं गाव चालतं, घर भाड्यानं द्यायचं तर ओळख, स्थळ बघायचं तर ओळख, दवाखान्यात लवकर नंबर लागायचा तरी ओळख. आणि हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या वरच्या मजल्यावर तीन घरची माणसं येऊन राहिली होती, आठवडाभर एका चुलीवर जेवलो, ते सगळं ओळखीवरच. खरं पतसंस्थेत मी वीस वर्षं बसते आणि तिथं वीस हजाराचं कर्ज द्यायचं असलं तरी दोन जामीनदार, पगारपत्रक, सिबिल सगळं बघतो आम्ही, चेअरमनचा सख्खा भाचा आला तरी त्यानं फॉर्म भरायचा, आणि तो भरतो, त्यात त्याला अपमान वाटत नाही कारण सगळेच भरतात. हे मी त्या रात्री बोलून दाखवलं. वीस हजार बुडतील म्हणून एवढं बघतो आणि साठ पोरं ज्याच्या हातात देतो त्याचं काहीच नाही का बघायचं? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, बरोबर आहे वहिनींचं, खरं असं कुठं कुणी मागत नाही हो.

कुठं कुणी मागत नाही, हे मात्र खरं आहे. मी स्वतः लेकीला पोहायला घातलं, अबॅकसला घातलं, गॅदरिंगसाठी डान्स क्लासला घातलं, एकदाही कुणाला विचारलं नाही की तुमच्या सरांची पडताळणी झालीय का. फी विचारली, टायमिंग विचारलं, बॅचमध्ये किती मुलं ते विचारलं.

मग ह्या वर्षीच का विचारलं, तर त्याला एक जुनं कारण आहे.

मी शाळेत असताना, सातवी-आठवीचं वर्ष, आमच्याकडं एक सर होते. शाळेचं नाव, गावाचं नाव लिहित नाही. ते काय करायचे ते पण सविस्तर लिहिणार नाही, एवढंच की वह्या तपासायला स्टाफरूममध्ये एकटीला बोलवायचे आणि आम्ही मुली एकमेकींना सांगून ठेवायचो की एकटी जाऊ नको, मैत्रीण घेऊन जा. बारा वर्षाच्या पोरींनी आपापल्यात केलेली सोय होती ती. घरी कुणी सांगितलं नाही. शेवटी एकीच्या आईला कळलं, ती शाळेत आली, मोठ्यानं बोलली, दोन दिवस कुजबुज झाली आणि मग सर दिसायचे बंद झाले. त्यांची बदली झाली म्हणून सांगितलं. संस्थेची दुसऱ्या तालुक्यात आणखी एक शाळा होती, तिथं पाठवलं त्यांना. त्यांच्या निरोपाचा कार्यक्रमसुद्धा झाला, नारळ, शाल, सगळं. आणि आम्ही सगळ्या खूष, सुटलो म्हणून.

पुढं कितीतरी वर्षं मला ही गोष्ट "सुटलो" अशीच आठवायची. लेक झाली, ती सातवीच्या जवळ यायला लागली तेव्हा एका रात्री झोपेतनं उठून बसले आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की त्या दुसऱ्या गावच्या पोरींचं काय झालं असेल. तिथं त्यांना सांगून ठेवायला कोण होतं? तिथं तर ते नवीन होते, चांगली शिफारस घेऊन आलेले होते.

म्हणून तो कागद.

तर शिबिराचं सांगते. वस्ताद सत्तरीच्या पुढचे, त्यांना कळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, काकू म्हणाल्या लई मनाला लागलंय त्यांच्या. तिसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आले आणि म्हणाले, ह्याला सांग काय काय लागतंय. ऑनलाइन अर्ज, आधार, फोटो, मंडळाचं लेटरहेडवर पत्र, मग पोलीस स्टेशनला बोलावणं, मग एसपी ऑफिस. कागद हातात यायला शिबिर निम्मं संपलं होतं. तोपर्यंत आम्ही असं ठरवलं की रोज दोन पालक पाळीपाळीनं मैदानाच्या कट्ट्यावर पूर्ण वेळ बसणार, कुणीही मोठा माणूस एकट्या पोराला घेऊन ऑफिसात किंवा साहित्याच्या खोलीत जाणार नाही, मुलींना लाठी कशी धरायची ते हात धरून दाखवायचं असलं तरी सगळ्यांच्या समोर. वस्तादांनी दाखला आणला तो घडी घालून माझ्या हातात दिला, म्हणाले ठेव फायलीत. एवढंच. दुसरं काही बोलले नाहीत, आणि मी पण काही बोलू शकले नाही, नुसता वाकून नमस्कार केला.

आणि ते फिटनेसवालं पोरगं. सत्तावीस-अठ्ठावीस वय असेल, बोलायला गोड, पोरं पहिल्याच दिवशी त्याच्या मागं मागं. "देतो की मॅडम, उद्याच अर्ज टाकतो." दुसऱ्या दिवशी म्हणाला सर्व्हर डाऊन आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाला गावाकडचा पत्ता आहे आधारवर, तिकडं जावं लागेल. चौथ्या दिवशी आलाच नाही. फोन बंद, ग्रुपमधनं पण लेफ्ट.

मी इथं अगदी स्पष्ट लिहिते की त्यानं काही केलं होतं असं मी म्हणत नाही. मला माहीतच नाही. दुसरीकडं जास्त पैशाचं काम मिळालं असेल, दाखला मागितला म्हणून राग आला असेल, पोलीस स्टेशनची पायरी चढायची भीती असेल, आपल्याकडं साध्या माणसाला ती असतेच. मला त्रास झाला तो ह्याचा की हे कळायला मला कुठलाच रस्ता नव्हता. मंडळाला नव्हता. उद्या तो आणखी कुठं उभा राहिला तर त्यांना पण नसणार.

मग मी वाचायला लागले. माझा आतेभाऊ वकील आहे, त्याला रोज रात्री फोन करून छळलं. त्याचं पहिलं वाक्य असं होतं, "ताई, तू मागितलंस ते नियमानं बरोबर आहे. खरं समजा त्या माणसाला अशा गुन्ह्यात शिक्षा झालेली असती, तरी 'तू पोरांना शिकवायचं नाही' असं सगळ्या ठिकाणांना लागू होईल असं सांगणारा एक सरळ कायदा आपल्याकडं नाही."

मला पटेना. पोक्सो आहे की, म्हटलं, लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. पोक्सो २०१२ चा, १४ नोव्हेंबरला बालदिनादिवशी लागू झाला. त्यात शिक्षा कडक आहेत, २०१९ ला आणखी कडक केल्या, फाशीपर्यंत. शाळा किंवा वसतिगृह चालवणाऱ्यानं, शिक्षकानं, विश्वासातल्या माणसानं केलं तर जास्त गंभीर गुन्हा. आणि कलम ५ मध्ये असंही आहे की ज्याला आधी लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली आहे त्यानं परत लहान मुलावर बलात्कार केला तर तो पण जास्त गंभीर धरायचा. म्हणजे बघा, त्याचा आधीचा गुन्हा कायद्याला आठवतो, खरं कधी, तर दुसऱ्या पोराचं वाटोळं झाल्यावर. तो क्लासमध्ये, अकादमीत, शिबिरात कामाला लागत होता तेव्हा आठवत नाही. हे समजल्यापासून माझ्या डोक्यातनं जात नाहीये.

आता नियम काय म्हणतो. ९ मार्च २०२० ला पोक्सोचे नवीन नियम आले, त्यातला तिसरा नियम. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नियमित संबंध येणारी कुठलीही संस्था असो, तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायची, शिकवणारा असो नसो, कायम असो की कंत्राटी, आणि ती एकदाच नाही तर ठराविक काळानं परत परत. ट्रेनिंग पण द्यायचं. किती चांगलं लिहिलंय. मी ते प्रिंट काढून मंडळाच्या फायलीत लावलंय. तारखा बघा फक्त, ९ मार्च, आणि दोन आठवड्यांत लॉकडाऊन लागलं, शाळाच बंद, नियम कुणाच्या कानावर गेलाच नाही. शिवाय पडताळणी नाही केली तर काय, हे त्या नियमात नाही. आणि पडताळणीत काही सापडलं तर त्याला घ्यायचंच नाही, असंही त्यात लिहिलेलं नाही, ते संस्थेच्या शहाणपणावर सोडलंय. माझ्या शाळेतल्या संस्थेनं आपलं शहाणपण कसं वापरलं ते वर सांगितलंय.

मान्यताप्राप्त शाळेतल्या नोकरीला निदान सेवाशर्ती आहेत, नैतिक अधःपतन हे काढून टाकायचं कारण धरतात. २०२४ च्या जानेवारीत केंद्रानं कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात पण नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिकवायला ठेवू नये असं आहे. खरं त्या सूचना आहेत, आणि मुख्यतः मोठ्या पोरांच्या जेईई-नीटवाल्या क्लासचा विचार करून काढलेल्या. गल्लीतला डान्स क्लास, टर्फवरचं फुटबॉल कोचिंग, उन्हाळी शिबिर, ह्यांचं काय?

बदलापूर झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र हलला होता, ऑगस्ट २०२४, बालवाडीतल्या दोन पोरींवर शाळेतच लैंगिक अत्याचार, आरोपी शाळेत कंत्राटावर सफाईला ठेवलेला. २० ऑगस्टला लोक रुळावर बसले, दुसऱ्याच दिवशी सरकारनं जीआर काढला, शाळांत महिन्यात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. आमच्या लेकीच्या शाळेत पण तेव्हा पेटी लागली, कॅमेरे आले. बरं झालं. खरं तो जीआर शाळांचा. पोरं शाळेतनं सुटली की साडेपाचनंतर जिथं जिथं जातात तिथं कुणाचं लक्ष नाही, आणि आजकाल पोरं शाळेपेक्षा तिथंच जास्त असतात.

आणि कोल्हापूरचा विचार करा. हे गाव पोरं दुसऱ्याच्या हातात विश्वासानं द्यायचं गाव आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, खेड्यापाड्यातल्या आईबापांनी गाठोडं बांधून पोरं शहरात पाठवली म्हणून तर वसतिगृहांची जननी म्हणतात ह्या गावाला. आजसुद्धा तेच चाललंय. भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीतनं दहा-बारा वर्षांची पोरं कुस्तीसाठी तालमीत येऊन राहतात. २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकमध्ये ब्रॉंझ आणल्यावर आमच्या ऑफिसातल्या दोघांनी पोरांना नेमबाजीला घातलं. फुटबॉल तर पेठापेठांत आहेच. मला ह्याचं भारी कौतुक आहे, हे सगळं बंद पडावं असं कुणी समजू नका. म्हणूनच म्हणते की जिथं एवढी पोरं एवढ्या विश्वासानं येतात तिथं हा कागद सगळ्यात आधी पाहिजे.

मुलगे सुरक्षित आहेत असं समजून आपण निवांत असतो ते पण चूक आहे. २००७ साली केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांत १२ हजारांवर मुलामुलींना विचारून अभ्यास केला होता, त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते. बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक जण, पन्नाशीचा गृहस्थ, खाली बघत बसला आणि नंतर जाताना एवढंच म्हणाला, वहिनी, करा तुम्ही तो कागद. मी काही विचारलं नाही.

माहिती सरकारकडं नाही असं नाही बरं का. २० सप्टेंबर २०१८ ला लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू झाला, एनसीआरबी, म्हणजे केंद्राची गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था, तो सांभाळते, सुरू झाला तेव्हाच त्यात ४ लाख ४० हजारांवर नोंदी होत्या. तो फक्त पोलीस आणि तपास यंत्रणा बघू शकतात. मुख्याध्यापक नाही, वस्ताद नाही, पालक नाही. लोकांसाठी खुला नाही ते मला बरोबरच वाटतं, हे वाचून काहींना राग येईल. अमेरिकेत १९९६ पासून मेगन्स लॉ आहे, त्यातनं गुन्हेगारांची नावं लोकांना बघायला मिळतात, वेबसाइटवर फोटो, पत्त्यासकट. आमच्या ग्रुपवर पण मागणी असते, फोटो लावा चौकात. खरं आपल्याकडं हा गुन्हा करणारा कितीतरी वेळा घरातलाच असतो, काका, मामा, सावत्र बाप. त्याचं नाव चौकात लागलं की ती मुलगी कोण हे अख्ख्या गावाला कळलं. पोक्सोचं कलम २३ त्या मुलीची ओळख झाकायला आहे आणि आपणच ती उघडी करणार. एकदा आपल्या घरावर बोर्ड लागणार म्हटल्यावर कुठली आई तक्रार करायला जाईल? आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पण कुठंतरी राहायचं आहे, पोट भरायचं आहे, त्यानं कारखान्यात काम करावं, शेती करावी, शाळेच्या पोरांची रिक्षा सोडून ट्रक चालवावा. फक्त पोरांजवळ नको. मला तेवढंच हवंय.

इंग्लंडमध्ये कसं आहे ते वाचताना मला आमचे सर आठवत राहिले. २००२ साली सोहम नावाच्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला, खुनी तिथल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर, म्हणजे आपल्याकडं शाळेची देखभाल बघणारा शिपाई म्हणू. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात मुलींच्या आणि बायकांच्या कितीतरी तक्रारी झालेल्या, खरं शिक्षा एकातही नाही, आणि तिथल्या पोलिसांनी ती माहिती नीट ठेवलीच नाही, म्हणून नवीन गावात आला तेव्हा कोरा होऊन आला. चौकशी आयोग बसला, २००४ ला अहवाल आला, २००६ ला कायदा झाला, आणि आता तिथं डीबीएस म्हणून खातं आहे, २०१२ पासून. त्यांच्याकडं यादी असते, मुलांबरोबर काम करायला बंदी घातलेल्यांची. ती यादी लोकांना दिसत नाही, खरं शाळेला, क्लबला भरतीच्या वेळी त्या माणसाच्या संमतीनं विचारता येतं. बंदी असलेल्यानं असं काम नुसतं मागितलं तरी गुन्हा, आणि माहीत असून ठेवणाऱ्यावर पण गुन्हा. मुलांजवळच्या कामासाठी जी जास्त खोल तपासणी होते त्यात शिक्षा झालेली नसली तरी पोलिसांना महत्त्वाची वाटणारी माहिती देता येते. ज्याच्यावर बंदी आली त्याला आपलं म्हणणं मांडायचा आणि अपिलात जायचा हक्क आहे. आणि पगार न घेता काम करणाऱ्यांच्या तपासणीला फी नाही. हे शेवटचं वाचून मला आमचे वस्ताद आठवले, त्यांनी चार हेलपाटे घातले आणि फी पण खिशातनं भरली.

जपाननं तर आत्ता जून २०२४ ला कायदा केला, डिसेंबर २०२६ पासून लागू. शाळा आणि बालवाड्यांना नोकरी द्यायच्या आधी लैंगिक गुन्ह्याचं रेकॉर्ड तपासणं सक्तीचं, तुरुंगवास झाला असेल तर वीस वर्षं मागचं निघणार. खासगी शिकवण्या, म्हणजे आपल्यासारखे क्लास तिथं गल्लोगल्ली आहेत, त्यांना मात्र ऐच्छिक ठेवलंय, जो क्लास तपासणीची हमी देतो त्याला सरकार प्रमाणपत्र देणार. मला वाटतं आपल्याकडं ऐच्छिक ठेवलं तर कुणी करणार नाही. तरी पण क्लासच्या बोर्डवर असं एक प्रमाणपत्र असतं तर पालकांनी विचारायला तरी सुरुवात केली असती.

आतेभावाशी माझं एका गोष्टीवरनं भांडण झालं आणि त्यात तो बरोबर होता. मी म्हटलं, पोक्सोत शिक्षा झाली की जन्मभर बंदी, विषय संपला. तो म्हणाला, ताई, कोर्टात ये एकदा, बघ किती केसेस पळून गेलेल्या पोरापोरींच्या असतात, मुलगी सतरा वर्षांची, मुलगा वीसचा, दोघांचं प्रेम, बापानं केस घातली. २०१२ पासून संमतीचं वय १८ झालंय, तिची संमती कायद्याला मान्य नाही, त्या पोराला शिक्षा होते. तो आणि तुझे ते सर एकाच यादीत घालणार का? मला उत्तर नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं यादीत कोण जाणार हे आपोआप नको, कुणीतरी जबाबदार माणसांनी केस बघून ठरवावं, त्या माणसाचं ऐकून घ्यावं, वर अपील असावं. आता तर हायकोर्टाचं सर्किट बेंच पण ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सीपीआर दवाखान्यासमोर बसतंय, मुंबईला जायला नको. उशीर लागेल, खरं हे नीट झालं नाही तर निरपराध पोरं भरडली जातील आणि मग सगळी तपासणीच बदनाम होईल.

आणि तो आणखी एक गोष्ट म्हणाला ती मला सगळ्यात जास्त बोचली. दाखला स्वच्छ आला म्हणजे माणूस स्वच्छ असं नाही. दाखल्यात तेच येणार जे कागदावर आलंय. तुझ्या सरांचा दाखला काढला असता तर काय आलं असतं? काहीच नाही. कोरा. नारळ-शाल देऊन पाठवलेला माणूस, त्याच्यावर गुन्हाच नोंद नाही.

हे खरं आहे, आणि म्हणून मला वाटतं बंदीचा कायदा आणि तक्रार देण्याचा कायदा हे एकाच दोरीचे दोन पीळ आहेत. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झालाय किंवा होऊ शकतो हे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना सांगितलंच पाहिजे, कुणीही असो, शिपाई, मैत्रिणीची आई, मुख्याध्यापक. नाही सांगितलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं दाबलं तर एक वर्षापर्यंत. आमच्या वेळी हे नव्हतं. आता आहे. तरीही "संस्थेचं नाव खराब होईल" म्हणून राजीनामा घेऊन पाठवून द्यायची पद्धत गेलेली नाही, मी ह्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी बोलले त्यातल्या तीन बायकांनी आपापल्या शाळेतलं असंच सांगितलं. राजीनामा घेतला, अनुभवाचा दाखला दिला, चारित्र्य चांगले आहे असं लिहून दिलं. तो अनुभवाचा दाखला घेऊन तो माणूस पुढच्या दारात उभा राहतो. संस्थेनं सही करून पुढच्या गावाला पाठवलेलं संकट असतं ते, आणि तसं लिहून देणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मंडळानं आता ठरवलंय की दिवाळीतल्या किल्ला स्पर्धेला आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराला कागद आधी, माणूस नंतर. दाखला दरवर्षी नवीन. पाण्याची जार आणून देणारा पण त्यात. वस्ताद बैठकीला होते, तेच म्हणाले की माझा पण परत काढायचा, एकदा काढला म्हणून बसायचं नाही. अध्यक्ष अजून पूर्ण पटलेले नाहीत, खरं आडवे पण येत नाहीत.

हे लिहायला आज बसले त्याचं कारण म्हणजे परवा रात्री एक फोन आला. गारगोटीकडनं, एक बाई, ओळख ना पाळख, कुणाकडनं तरी माझा नंबर मिळाला म्हणाली. त्यांच्याकडं एका क्लासमध्ये नवीन सर आलेत, पोरांना पळायला, व्यायामाला घेतात, कोल्हापुरात तुमच्या मंडळात शिकवत होतो म्हणून सांगतात, चांगले आहेत ना हो, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ते त्याला सकाळी एकट्याला गाडीवरनं ग्राउंडला न्यायचं म्हणतायत.

माझ्या हाताला घाम फुटला. मी काय सांगू तिला? चांगले आहेत म्हणू? वाईट आहेत म्हणू? एखाद्या निरपराध पोराच्या पोटावर पाय देऊ, की तिला नुसतं "आहेत की चांगले" म्हणून मोकळी होऊ, आमच्या शाळेनं केलं तसं? मी म्हटलं, "ताई, ते आमच्याकडं तीन दिवस होते. आम्ही पोलिसांचा दाखला मागितला होता, तो त्यांनी दिला नाही. मला एवढंच माहीत आहे, त्याच्या पुढचं काही माहीत नाही. तुम्ही क्लासवाल्यांकडं तो दाखला मागा, २०२० चा नियम आहे, मागायचा हक्क आहे. आणि तोपर्यंत एकट्याला गाडीवर पाठवू नका, कुणाबरोबरच पाठवू नका."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मागितल्यावर चिडले तर?"

मी म्हटलं आमचे वस्ताद पण चिडले होते. आणि मग तिला अर्ज कसा करायचा, क्लासचं पत्र कसं लागतं, एसपी ऑफिसात कुठं जायचं ते सांगितलं, तिनं मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, मध्येच म्हणाली थांबा हो, पेन संपलं, दुसरं आणते.